डोंगरउतारावर प्लॉटिंग करताय? मृगाआधी पाण्याची वाट ठरवा

मुळशीकडच्या एका प्लॉटिंगच्या साइटवर काही वर्षांपूर्वी मी देखरेखीला होतो. मे महिन्यात रस्ते कापून झाले, रोलर फिरला. पाण्याचं काम मात्र "करू पावसाच्या आधी" म्हणत राहून गेलं. जूनमधल्या पहिल्याच मोठ्या सरीत रस्त्याचा मुरूम वाहत खालच्या भातखाचरात जाऊन बसला. तिथे आठ-दहा दिवसांचं रोप होतं. दुसऱ्या दिवशी त्या खाचराचे मालक घोटाभर मुरमात उभे होते. मला म्हणाले, "साहेब, ही तुमची माती तुम्ही घेऊन जाल हो. पण मी आता रोप कुठून आणू?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून पाण्याची वाट ठरल्याशिवाय मी जेसीबी सुरू करू देत नाही.

आधी पाणी किती येणार ते बघा. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याला मिलिमीटरमागे शंभर लिटर. एकरभर साइटवर तासात ४० मिलिमीटर पडला तर १ लाख ६० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सोळा टँकर. गवत-झुडपं जागेवर असतील तर त्यातलं बरंच पाणी मुरतं. रोलरने दाबलेल्या मुरमावरून ते जवळजवळ सगळं धावतं आणि जाताना माती घेऊन जातं.

मग जागा पायी फिरा. ओघळ कुठून उतरतात, दगड कुठे धुऊन उघडे पडलेत, हे उन्हाळ्यातही दिसतं. गावनकाशावर ओढा कुठे दाखवलाय तेही तपासा आणि तिथे गुरं चारणाऱ्या एखाद्या आजोबांना सोबत घ्या. पावसाळ्यात पाणी कुठून फुटतं हे त्यांना नकाशापेक्षा नेमकं ठाऊक असतं. ओढा बुजवून त्यावर प्लॉट पाडू नका.

खोदकामाची सुरुवात वरच्या हद्दीवरून करा. डोंगरावरून येणारं पाणी साइटमध्ये शिरायच्या आधीच आडव्या चराने अडवून कडेने बाहेर काढायचं. चराला शंभर फुटाला एक फूट किंवा त्याहून थोडा कमी उतार पुरे. जास्त दिला तर पाणी चरच खरवडतं. उतार नजरेने ठरवू नका, गवंड्याकडची लेव्हलची नळी वापरा. निघालेली माती चराच्या खालच्या बाजूला टाकून दाबा, म्हणजे बांधही तयार होतो. चर जिथे संपतो तिथे पाणी उघड्या मातीवर सोडू नका. मोठे दगड लावून पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, करा.

सगळी जागा एकदम सोलू नका. ज्या तुकड्यावर काम चालू आहे तेवढाच उघडा करा. वरची वीतभर सुपीक माती वेगळी काढून ओढ्यापासून लांब ढीग लावा आणि ताडपत्रीने झाका. हीच माती पुढे झाडांना लागणार आहे.

आता गाळाचा खड्डा, म्हणजे गढूळ पाणी थांबवून त्यातली माती तळाशी बसू देणारा खड्डा. साइटचा सगळ्यात खालचा कोपरा त्यासाठी राखून ठेवा, तो प्लॉट विकायची घाई करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या बांधकाम परवान्यात अशा खड्ड्यासाठी एकरी ३,६०० घनफुटांचा आकडा आहे. आपल्या भाषेत एकरी ३६ ब्रास. घाटमाथ्याचा पाऊस बघता हा आकडा किमान समजा. खड्डा रुंदीच्या निदान दुप्पट लांब असावा. पाणी एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने वरच्या थरातून सांडलं पाहिजे, आणि सांडव्याला दगड हवेत. गाळाने निम्मा भरला की उपसा. खड्ड्याभोवती पक्कं कुंपण घाला. साइटवर मजुरांची लहान मुलं असतात.

खड्डा काम करतोय का, हे एका बाटलीत कळतं. सांडव्यातून निघणारं पाणी पारदर्शक बाटलीत भरून ठेवा. मुरमाची रेव काही मिनिटांत तळाशी बसते. काळ्या मातीचं पाणी मात्र दुसऱ्या दिवशीही चहासारखं गढूळ राहतं. जागा काळ्या मातीची असेल तर नुसत्या खड्ड्यावर विसंबू नका. तिथे माती उघडीच पडू न देणं हाच खरा उपाय आहे.

कडेला हिरवी नेट बांधून गाळ अडत नाही, तिची भोकं मोठी असतात. पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड घ्या, उताराला आडवं लावा आणि खालची कड अर्धा फूट जमिनीत गाडा. ओढ्यात ते लावू नका, पहिल्याच लोंढ्यात जाईल. गेटवर पन्नासेक फूट लांबीत जाड खडी टाकलीत की ट्रकच्या टायरांचा चिखल डांबरी रस्त्यावर जाणार नाही.

भिंतींबद्दल मात्र कळकळीने सांगतो. २८-२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला पावसात संरक्षक भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. भिंतीमागची माती भिजली की जड होते आणि अडलेलं पाणी भिंतीला बाहेर ढकलतं. म्हणून उतार अडवणाऱ्या भिंतीचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या. पाणी निघायला भिंतीत तीन-चार इंच व्यासाचे पाइप ठेवा, मागे खडीचा थर भरा आणि पाइप तुंबलेत का ते दर पावसाळ्याआधी बघा. भिंतीच्या खाली मजुरांच्या खोल्या बांधू देऊ नका. दुसरीकडे जागा नाही असं कोणी म्हणालं तरी नाही.

कापलेल्या उतारावर काथ्याची जाळी अंथरून गवताचं बी टाका आणि आडव्या ओळीत वाळा लावा. दोन ठोंबांत चार-सहा इंच अंतर ठेवा. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत तीन मीटरपर्यंतही. ती सुवासासाठी उपटली जाणार नाहीत एवढं लक्ष ठेवा.

हे सगळं मे संपायच्या आत व्हायला हवं, कारण वळवाची एक सरही ताजी भर कापून नेते. पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन, सर चालू असतानाच साइटवर जा. चर कुठे फुटतोय, पाणी कुठे तुंबतंय, हे ऊन पडल्यावर कळत नाही. आणि आपल्या हद्दीच्या तारेशी थांबू नका. तार ओलांडून खालच्या बांधावर जा आणि खाचरात शिरणाऱ्या पाण्याचा रंग बघून या.