मेटरनिख, तालेराँ, कॅसलरे... हा नावांचा गुंता कसा सोडवायचा

नेपोलियनच्या काळातल्या युरोपच्या या मुत्सद्द्यांची नावं डोक्यात राहत नसतील, तर सगळ्यात आधी नावांची यादी पाठ करणं बंद करा. मीही तेच करायचो, दोन दिवसांत सगळं साफ विसरायचो. त्यापेक्षा एकच भांडण पकडा, १८१४-१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमधलं (नेपोलियन हरल्यावर युरोपच्या सीमा ठरवायला भरलेली परिषद) पोलंड-सॅक्सनीचं, आणि प्रत्येकाला तिथे उभं करून विचारा की बाबा तुला नेमकी भीती कसली?

रशियाचा सम्राट झार अलेक्झांडरला जवळजवळ अख्खं पोलंड हवं होतं, त्याच्या बदल्यात प्रशिया या जर्मन राज्याला शेजारचं जर्मन राज्य सॅक्सनी, कारण तिथला राजा शेवटपर्यंत नेपोलियनला चिकटून राहिला होता. प्रशियाचा हार्डेनबर्ग खूश. पण ऑस्ट्रियाच्या मेटरनिखची झोप उडाली, एका बाजूने रशिया पुढे सरकणार आणि दुसरीकडे बोहेमिया या ऑस्ट्रियाच्याच प्रांताच्या सीमेवर प्रशिया येऊन बसणार. ब्रिटनच्या कॅसलरेला कुणीच एकटा शिरजोर व्हायला नको होता. आणि तालेराँ, हरलेल्या फ्रान्सचा माणूस, ज्याला जिंकलेले मोठे चौघे (रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, ब्रिटन) आधी बैठकीतही घेत नव्हते, त्याने ही फट बरोबर हेरली. ३ जानेवारी १८१५ ला ऑस्ट्रिया, ब्रिटन आणि फ्रान्सचा गुप्त करार झाला, रशिया-प्रशियाच्या विरोधात! युद्ध हरून वर्षही झालं नव्हतं आणि गडी थेट मांडीला मांडी लावून बसला, मानलं पाहिजे. शेवटी प्रशियाला सॅक्सनीची साधारण दोन पंचमांश लोकसंख्या असलेला भाग मिळाला. गंमत म्हणजे नेपोलियन एल्बाहून (हरल्यावर त्याला पाठवलं होतं ते बेट) परत आला तेव्हा पॅरिसमध्ये त्याला या कराराची प्रत सापडली आणि त्याने ती सरळ झारकडे पाठवून दिली.

एवढं पक्कं झालं की बाकीचे आपोआप जागेवर बसतात, फक्त नावावरून देश ओळखायला जाऊ नका. नेसलरोड जर्मन घराण्यातला, जन्म लिस्बनचा, नोकरी रशियाची. कापोदिस्त्रियास कॉर्फूचा ग्रीक, तोही झारकडेच, नंतर ग्रीसचा प्रमुख झाला आणि १८३१ मध्ये त्याचा खून झाला.

तारखांसाठी १८२२ लक्षात ठेवा, कॅसलरेने आत्महत्या केली आणि त्याच्या जागी परराष्ट्रमंत्री म्हणून कॅनिंग आला, तिथून ब्रिटन युरोपातल्या अशा काँग्रेसपासून, म्हणजे बड्या देशांच्या परिषदांपासून, लांब व्हायला लागलं. मेटरनिख मात्र १८४८ ला पळून जावं लागेपर्यंत खुर्चीवर. आणि तालेराँ संपला असं १८१५ नंतर समजू नका हां, १८३० मध्ये शहात्तराव्या वर्षी तो लंडनला राजदूत म्हणून परत हजर!