पाइपला चव येईना तेव्हा

पहिले दोन महिने मला पाइपमधून नुसता गरम धूर मिळायचा. व्हर्जिनिया तंबाखू काय नि बर्ली तंबाखू काय, सगळं सारखंच, वर जीभ सोलवटलेली. सिगारेटच्या सवयीने भसाभस ओढत होतो. शिवाय डब्यातली तंबाखू ओलसर; वाफेनेच तोंड भाजायचं. मग ती अर्धा तास कागदावर पसरू लागलो. चिमटीत चिकटू नये, पण चुराही होऊ नये, इतपत. झुरके लहान, कढत चहा प्यावा तसे. विझली तर विझली, पुन्हा काडी पेटवायची.

खरी गंमत नाकात निघाली. तोंडातला जरासा धूर, छातीत न घेता, नाकावाटे हळूच सोडला आणि व्हर्जिनियातला वाळल्या गवताचा स्वाद पहिल्यांदा कळला. धुरावर वाळवलेली लाटाकिया तंबाखू मात्र मला अजून चुलीपुढे बसल्यासारखीच लागते.