सोमा क्यूब करायला घेताय? आधी स्टॉपर ठोका

सातवी-आठवीला कार्यानुभवात लाकडी कोडं घ्यायचं असेल तर सोमा क्यूब घ्या. 27 सारखे ठोकळे, ते चिकटवून केलेले सात तुकडे, आणि सात तुकड्यांचा मिळून एक घन. डेन्मार्कच्या पीट हाइन यांचं हे कोडं 240 तऱ्हांनी जुळतं. पोरं कंटाळत नाहीत.

वखारीतून एक इंची चौरस पट्टी आणा, संचाला तीन फूट. हिशोबाने 27 इंच पुरायला हवं, पण प्रत्येक कापाला करवत मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाते आणि गाठी सोडाव्या लागतात. सुताराकडे सागाचे उरलेले तुकडे मिळाले तर उत्तम. बाभूळ नको, औताला ती चांगली, पोरांच्या हातून कापली जात नाही. पट्टी उन्हाळ्यातच आणून ठेवा. आपल्याकडचं ऊन लाकूड चांगलं वाळवतं. ओल्या लाकडाचे ठोकळे पुढे आकसतात आणि घन खुळखुळतो.

करवत, गुण्या (काटकोन तपासायचा), फेव्हिकॉल, पॉलिश पेपर असतंच.

आता स्टॉपर, म्हणजे प्रत्येक काप सारख्या मापाचा यावा म्हणून पट्टी अडवणारा ठोकळा. फळीवर पट्टी सरकेल अशी दोन भिंतींची पन्हळ करा, भिंतींत करवतीसाठी खाच पाडा, आणि खाचेपासून नेमक्या अंतरावर आडवा ठोकळा पक्का ठोका. पट्टी टेकवा, कापा, परत टेकवा. अंतर एक इंच धरू नका! इंची म्हणून घेतलेली पट्टी रंधा मारल्यावर सात सूतच (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) भरू शकते. पट्टीची जाडी मोजा, तेवढंच अंतर ठेवा. मागच्या वर्षी आमच्याकडे स्टॉपरच नव्हता, पेन्सिलीच्या रेघांवर कापलं आणि एकाही पोराचा घन मिटला नाही. ठोकळ्यामागे अर्धा सूत फरक म्हणजे तीनच्या ओळीत दीड सूत. मग घासून सारखे करू म्हणाल तर कोपरे गोल होतात, ठोकळा आणखी लहान होतो. म्हणून स्टॉपर आधी, पोरांच्या हातात करवत नंतर. चार पोरांत एक तरी स्टॉपर हवाच. आणि त्याच्या तोंडाशी भुसा साचला की पट्टी नीट टेकत नाही, तेव्हा प्रत्येक कापानंतर ब्रश फिरवायला लावा. प्रत्येक कापानंतर.

चिकटवण्याआधी तुकडे कोरडेच रचून पाहा. एक तुकडा तीन ठोकळ्यांचा, बाकीचे सहा चार-चारांचे. त्यातले दोन एकमेकांची आरशातली रूपं आहेत. पोरं दोन्ही एकाच बाजूचे करतात, फळ्यावर दोन्ही काढून ठेवा. बाहेर आलेला फेव्हिकॉल लगेच पुसा. रात्रभर दाबून ठेवा.

रंग नको, थराने तुकडे अडतात. जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे. तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळी पसरून वाळवा. संच पिशवीत, पिशवीवर नाव.