खोक्यावरचे फेज मोजून मदरबोर्ड घेऊ नका

एसएमपीएस (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) मदरबोर्डला १२ व्होल्ट देतो आणि प्रोसेसरच्या कोअरना लागतात साधारण १ ते १.४. मधलं सगळं काम व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावर व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचं. ते ज्या समांतर शाखांत हे काम वाटून घेतं, त्या म्हणजे फेज. व्होल्टेज दहा पटीने उतरलं की करंट जवळजवळ तितकाच चढतो, आणि व्हीआरएम तापतो तो मुख्यतः या करंटमुळे. म्हणून निवडीची सुरुवात बोर्डापासून नव्हे, प्रोसेसरपासून करा. उदाहरणाला रायझन ९ ९९५०एक्स घेऊ. एएमडीने त्याला घातलेल्या मर्यादा अशा: एकूण पॉवर (पीपीटी) २०० वॉट, सलग करंट (टीडीसी) १६० अँपिअर, क्षणभराचा करंट (ईडीसी) २२५ अँपिअर. हे तीन आकडे लिहून ठेवा.

आता खोक्यावरचं '१६+२+२' वाचा. यातले १६ फेज कोअरसाठी असतात, उरलेले एसओसी (प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर वगैरे भाग) आणि इतर किरकोळ व्होल्टेजसाठी. १६० भागिले १६, म्हणजे एका पॉवर स्टेजच्या (फेजमधल्या, करंट चालू-बंद करणाऱ्या चिपच्या) वाट्याला १० अँपिअर. स्टेज ८० अँपिअरचा आहे की ११० चा, याने इथे काहीच बिघडत नाही, आणि त्यासाठी जादा पैसे मोजणं व्यर्थ आहे. तेच काम आठ स्टेजवर टाकलं तर प्रत्येकी २० अँपिअर होतात. वहनातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रत्येक स्टेजवर ती चौपट आणि एकूण दुप्पट होते. उलट बाजूने प्रत्येक स्टेज चालू-बंद होताना थोडी ऊर्जा खातोच. म्हणून १४-१६ चांगल्या स्टेजनंतर या प्रोसेसरला आणखी फेज दिल्याने हाती फार काही लागत नाही.

फेज खरे की जोडीने लावलेले, हे स्टेजना सिग्नल देणाऱ्या कंट्रोलर चिपच्या डेटाशीटवरून कळतं. चिपला कोअरसाठी आठच आउटपुट आणि बोर्डावर सोळा स्टेज असतील, तर एकतर डबलर (एक सिग्नल दोन स्टेजना वाटणारी चिप) आहे किंवा एका सिग्नलवर दोन स्टेज एकदम चालतात. डबलर सिग्नल आळीपाळीने वाटतो, त्यात किंचित विलंब येतो. एकदम चालणाऱ्या जोडीत विलंब नाही, पण रिपलच्या (व्होल्टेजमधल्या बारीक चढउताराच्या) हिशेबात ती जोडी एकच फेज. दोन्ही रचना व्यवस्थित चालतात, एवढ्यावरून बोर्ड नाकारू नका. नाकारायचा तो एकत्रित पॉवर स्टेजऐवजी सुटे मॉसफेट (स्विचचे ट्रान्झिस्टर) लावून वर हीटसिंकच न दिलेला बोर्ड. निदान या दर्जाच्या प्रोसेसरसाठी तरी.

हीटसिंक पाहताना वजन आणि खाचा पाहा. वरचं चकचकीत प्लास्टिकचं झाकण उष्णता बाहेर टाकत नाही, अडवते. चाचण्यांमधलं व्हीआरएमचं तापमान बहुधा २०-२५ अंशांच्या खोलीतलं असतं. नागपुरात किंवा चंद्रपुरात मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत त्यात सरळ १५ अंश मिळवा. प्रोसेसरवर पंख्याऐवजी वॉटर कूलर लावलात तर सॉकेटभोवती फिरणारी हवाही जाते, तेव्हा कॅबिनेटच्या मागचा आणि वरचा पंखा व्हीआरएमजवळची हवा ओढेल असा लावा.

बसवताना ईपीएसचा, म्हणजे प्रोसेसरला वीज देणारा ८ पिनचा प्लग 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. २०० वॉट आणि व्हीआरएममधली घट धरून सुमारे २२२ वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेअठरा अँपिअर. ते चार तारांत वाटले की प्रत्येकी साडेचार-पावणेपाच. एक प्लग पुरतो, ओव्हरक्लॉक करणार असाल तर दुसराही जोडा. प्लग वितळतो तो बहुधा अर्धवट बसल्यामुळे. ग्राफिक्स कार्डाची ६+२ ची केबल इथे कधीही घुसवू नका, तिची जोडणी उलटी असते. दुसऱ्या एसएमपीएसची मॉड्युलर केबलही वापरू नका: प्लग बसतो, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि बोर्ड जळतो.

पहिल्यांदा चालू झाल्यावर आधी बायोस अपडेट करा. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत हे टाळण्याजोगं नाही: सप्टेंबर २०२४ चा ०एक्स१२बी किंवा नंतरचा मायक्रोकोड (बायोससोबत येणारा प्रोसेसरचा अंतर्गत प्रोग्राम) हवा, आणि पॉवर प्रोफाइल इंटेलचं डिफॉल्ट. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर एसओसी व्होल्टेज १.३ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका.

सर्वांत जास्त चुका एलएलसीत (लोड-लाइन कॅलिब्रेशन, भाराखाली व्होल्टेज किती उतरू द्यायचं हे ठरवणारं बायोसमधलं सेटिंग) होतात. भार आला की व्होल्टेज थोडं खाली येणं हा दोष नाही, तशी रचनाच आहे. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटवरच्या मोठ्या प्रोसेसरसाठी हा उतार १.१ मिलिओहमपर्यंत धरलेला असतो, म्हणजे २०० अँपिअरला ०.२२ व्होल्ट. हा उतार पुसून टाकला की भार अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. ही उसळी सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, पण प्रोसेसरला लागते. मधली पातळी ठेवा. काही कंपन्यांची पातळी १ सर्वांत कडक असते, तर काहींची सर्वांत सैल. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, बायोसमधला आलेख पाहा.

मग सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) सलग ३० मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरएमचं तापमान बघा. पाच मिनिटांत थांबू नका, हीटसिंक भरायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात. ९० अंशांपर्यंत निर्धास्त राहा. १०० ओलांडले तर हवेची सोय करा, कारण सेन्सर बऱ्याचदा चिपच्या आत नसून बाजूला असतो आणि आतलं तापमान त्याहून जास्त असतं. प्रोसेसर थंड असूनही क्लॉक (त्याचा वेग) पडत असेल तर संशय व्हीआरएमवरच घ्या.

हवा देऊनही आकडा हलत नसेल तर हीटसिंक काढून थर्मल पॅड तपासा. स्टेजचे चौकोनी ठसे सगळीकडे सारखे उमटलेले हवेत. ठसा नसेल तिथे पॅड टेकलेलाच नाही, किंवा त्यावरची पारदर्शक फिल्म तशीच राहिली आहे. पॅड बदलायचा तर जुन्याच जाडीचा घ्या. जाड पॅडने हीटसिंक दुसऱ्या टोकाला उचलला जातो किंवा बोर्ड वाकतो, पातळ पॅड टेकतच नाही. स्क्रू समोरासमोरच्या तिरक्या जोडीने, थोडेथोडे आवळा.