मंग ती साखर जास कोठे?

आमचं शेत चोपडा तालुक्यात. वाढत्या कार्बन डायऑक्साइडला कपाशीचं पान कसं जुळवून घेतं, याचं मॉडेल करायचं ठरलं, तेव्हा मी घरी सांगितलं की हा वायू म्हणजे पानाचं जेवणच. तो वाढला की पान साखर जास्त बनवणार. बाबांनी विचारलं, "मंग ती साखर जास कोठे?" त्या प्रश्नात सगळा विषय आहे, हे कळायला मला दोन हंगाम लागले.

तुम्हालाही असं मॉडेल करायचं असेल, तर सुरुवात १९८० च्या फार्कर, फॉन केमरर आणि बेरी यांच्या गणिती मॉडेलपासून करा. गाभा सोपा आहे. पानाचा साखर बनवण्याचा वेग एक तर कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्को या विकराच्या क्षमतेवर अडतो, नाही तर प्रकाशातून मिळणाऱ्या ऊर्जेवर. जे कमी पडेल ते वेग ठरवतं. पहिल्या क्षमतेला व्हीसीमॅक्स म्हणतात, दुसरीला जेमॅक्स. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ साली मोजलेला कार्बन डायऑक्साइड ३१५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास होता, आज तो ४२० च्या वर आहे. मॉडेलमध्ये हा आकडा ५५० केला की कपाशी, केळी, हरभरा, सगळ्यांचा वेग चढतो. ज्वारी-बाजरी-मक्याचं तसं नाही. ही पिकं पानातच हा वायू गोळा करून रुबिस्कोला पुरवतात. त्यांना फायदा होतो तो मुख्यतः पाणी वाचण्याचा. त्यांच्यासाठी मॉडेलच वेगळं लागतं.

मी व्हीसीमॅक्स कायम धरला होता, तिथे चुकलं. जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये आठवडेच्या आठवडे वाढलेलं पान पहिल्यासारखं राहत नाही. साखर उचलायला बोंडं आणि मुळं पुरेशी नसली, की ती पानात साठते आणि पान रुबिस्को कमी करतं. नत्र अपुरं असेल तर ही घट आणखी वाढते. म्हणून आज वायू सोडून आजच घेतलेलं मोजमाप म्हणजे जुळवून घेणं नव्हे. ते आणि आठवडेच्या आठवडे वाढलेल्या पानाचं मोजमाप वहीत कधीच एकत्र करू नका.

दुसरी चूक कुंड्यांची. जागा वाचावी म्हणून मी कपाशी लहान कुंड्यांत लावली. व्हीसीमॅक्समध्ये मोठी घट दिसली आणि मला वाटलं, हाती काहीतरी लागलं. मुळांना पसरायला जागाच नव्हती, त्यामुळे साखर तुंबली होती. हंगाम गेला. जमिनीत लावणं जमत असेल तर जमिनीतच लावा.

मोजणी सकाळी उरका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो; दुपारी पानाची रंध्रं मिटतात आणि वायूची पातळी कितीही बदलली तरी वक्र, म्हणजे वायूच्या पातळीनुसार पानाचा वेग दाखवणारी रेघ, नीट येत नाही. प्रत्येक वाचनासोबत पानाचं तापमान लिहा आणि तुलना करण्याआधी सगळे आकडे २५ अंशांवर आणा. गणिताची भीती वाटत असेल तर एकच वक्र आधी हाताने कागदावर काढा. माझी भीती तशीच गेली.

यंदा पातेगळ झालेली, म्हणजे कळ्या गळालेली झाडं आणि बोंडांनी लगडलेली झाडं आम्ही वेगवेगळी मोजतोय. वहीत पहिला रकाना बोंडांच्या संख्येचा आहे. ती बाबा मोजतात.