अक्कलदाढेवरून वयाचा अंदाज: शासकीय रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या दंतशल्यचिकित्सकांसाठी

नव्याने रुजू झालेल्या दंतशल्यचिकित्सकाला दाढ काढणे, दातांत सिमेंट भरणे, कवळी बसवणे या कामांचा सराव असतो. पोलिसांच्या पत्रासोबत आलेल्या मुलाचे किंवा मुलीचे वय सांगण्याचा मात्र नसतो. हे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि त्याविषयी माझे एक ठाम मत झाले आहे. अक्कलदाढ तोंडात दिसते म्हणून अठरा पूर्ण, आणि दिसत नाही म्हणून अठराच्या आत, असा निष्कर्ष कोणत्याही अहवालात लिहू नये. त्या एका ओळीवर एखादा सतरा वर्षांचा मुलगा प्रौढांच्या तुरुंगात जाऊ शकतो, किंवा पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या खटल्यात अल्पवयीन मुलगी सज्ञान ठरू शकते.

आधी कागद पाहावेत. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ नुसार शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र पहिले. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच बाल न्याय मंडळाच्या किंवा बालकल्याण समितीच्या आदेशाने वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. म्हणून तपासणी कोणाच्या आदेशाने होत आहे आणि दाखल्यांचा शोध घेतला गेला आहे का, हे सुरुवातीलाच विचारून नोंदवावे. त्यानंतर संमती, दोन ओळखखुणा, अंगठ्याचा ठसा, आणि मुलगी असेल तर महिला कर्मचाऱ्याची उपस्थिती. यातले काहीही घाईत सोडून देऊ नये.

तोंड तपासताना आरसा दुसऱ्या दाढेच्या मागे न्यावा आणि हिरडीवरून प्रोब (तपासणीची बारीक सळई) हलक्या हाताने फिरवावा. पुष्कळदा दाढेचा एखादाच उंचवटा हिरडीतून डोकावत असतो आणि बाकीचा भाग हिरडीच्या पदराखाली असतो; नुसत्या नजरेने पाहिले तर तिथे काहीच नाही असे वाटते. चारही कोपऱ्यांची नोंद वेगवेगळी करावी: दाढ हाडात आहे, हिरडीखाली आहे, हिरडीतून बाहेर आली आहे, की चावण्याच्या पातळीपर्यंत पोहोचली आहे. दुसऱ्या दाढेच्या मागे मोकळी जागा किती आहे तेही लिहावे, आणि एखादी दाढ पूर्वी काढलेली आहे का ते विचारून घ्यावे.

ही जागाच दाढेचे येणे ठरवते, आणि अडचणीचे मूळही तिथेच आहे. पाठ्यपुस्तकांत अक्कलदाढ सतरा ते पंचवीस या वयात येते असे असते. एवढ्या मोठ्या पट्ट्यातून अठराची रेषा शोधणे मुळातच अवघड आहे. त्यात जबडा लहान असला तर दाढ तिरपी अडकून राहते आणि तिशीतही दिसत नाही. लहानपणी पहिली दाढ किडून काढावी लागली असेल, तर मागच्या दाढांना पुढे सरकायला वाव मिळतो आणि अक्कलदाढ लवकर वर येते. जगभरच्या पाहण्यांचा विचार करता साधारण पाचांतल्या एका माणसाची निदान एक अक्कलदाढ जन्मतःच नसते. तेव्हा तोंडात अठ्ठावीस दात असणे यावरून वयाविषयी फार थोडे कळते.

म्हणून ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा एक्स-रे, काढावाच. मुलगी गरोदर असण्याची शक्यता असेल तर मात्र आधी त्याची खात्री करून घ्यावी. दाढ वर येणे जागेवर अवलंबून असते, पण तिच्या मुळांची वाढ त्या मानाने बरीच स्वतंत्रपणे होत राहते, अगदी दाढ अडकलेली असली तरी. वरच्या जबड्यातल्या मुळांवर इतर हाडांची सावली पडते, त्यामुळे खालची दाढ वाचणे सोपे. संशोधक डेमिर्जियन यांनी १९७३ मध्ये दातांच्या वाढीचे ए ते एच असे आठ टप्पे मांडले. आपल्या कामात खरी कसोटी जी आणि एच यांच्यात लागते. जी टप्प्यात मुळातल्या नळीच्या दोन्ही भिंती समांतर असतात, पण टोक अजून थोडे उघडे असते. एच टप्प्यात टोक पूर्ण बंद होते आणि मूळ हाडाला जोडणाऱ्या अस्थिबंधाची काळी रेघ टोकाशीही सारख्याच जाडीची दिसते. खालच्या जबड्यातल्या नसेची नळी नेमकी टोकावरून जात असेल तर उघडे टोकही बंद भासते. अशा वेळी त्या भागाचा लहान एक्स-रे वेगळ्या कोनातून घ्यावा आणि दुसऱ्या बाजूच्या दाढेशी ताडून पाहावे.

एच टप्पा दिसला तरीही वाक्य जपून लिहावे. मिन्सर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत केलेल्या अभ्यासात एच टप्प्यातल्या सुमारे नव्वद टक्के तरुणांचे वय अठरा किंवा त्याहून अधिक होते, म्हणजे दहांतला एक जण अठराच्या आतला असू शकतो. ती आकडेवारी गोऱ्या अमेरिकनांची आहे. आपल्याकडच्या मुलांना ती जशीच्या तशी लावू नये. बाकीच्या दातांत मुली मुलांच्या पुढे असतात, पण अक्कलदाढेत मुले किंचित पुढे असतात, हेही ध्यानात ठेवावे.

अहवालात वयाचा एकच आकडा न देता मर्यादा द्यावी, तिचा आधार द्यावा, आणि मनगट, कटिअस्थी व गळपट्टीचे हाड यांविषयी क्ष-किरणतज्ज्ञाचे मत घेऊन वैद्यकीय मंडळाने एकत्र निष्कर्ष काढावा. क्ष-किरण तपासणीने काढलेल्या वयात दोन्हीकडे दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या जया माला प्रकरणात मान्य केले आहे. त्यामुळे साक्षीच्या वेळी वकील हमखास विचारतात की हे वय सतरा असू शकते का. दाढेवरून ते नाकारता येत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. साक्षीचा समन्स काही वर्षांनीही येतो, म्हणून ओपीजीवर नाव, तारीख आणि डावी-उजवी बाजू असल्याची खात्री करून त्याची एक प्रत आणि तोंडाच्या नोंदीचा तक्ता आपल्या विभागात जपून ठेवावा.