पोलला ढीगभर ‘हो’, विक्री शून्य: माझा अनुभव

नवी लॅपटॉप बॅग बाजारात आणण्याआधी इन्स्टाग्राम स्टोरीवर पोल टाकायचो, ‘अशी बॅग आली तर घ्याल का?’ ढीगभर ‘हो’. विकायला काढली की सगळे गप्प! पर्याय बदलले, वेळ बदलली, बक्षीस लावलं (त्याला फुकटेच जमले). अक्षरशः वैतागलो.

शेवटी जमलं ते असं. आधी ‘घ्याल का’ काढून मागचं विचारलं: ‘शेवटची बॅग का टाकून दिलीत?’ पोलऐवजी प्रश्नाचं स्टिकर लावलं, म्हणजे नुसतं बोट टेकवून सुटका नाही, लिहावंच लागतं. मग स्टोरी जायच्या आत, २४ तासांत, प्रत्येकाला मेसेज करून एकच उपप्रश्न. उत्तरं शब्दशः शीटमध्ये, स्वतःची भर न घालता. ‘चेन गेली’ तिसऱ्यांदा दिसलं, तेव्हा रंगांचा काथ्याकूट थांबवून चेन बदलली.